सूस-मासाचा किनारा: थंड समुद्र, टकला शराटी आणि ताजीन

मोरोक्कोतल्या अगादिर शहरातून दक्षिणेला तिझनितकडे निघालं की उजव्या हाताला बराच वेळ पॉलीहाऊसचं पांढरं प्लास्टिकच दिसत राहतं. आत टोमॅटो असतात. त्या प्लास्टिकच्या पलीकडे, अटलांटिक महासागराला खेटून, सुमारे ६५ किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी राखून ठेवलेली आहे. तेच सूस-मासा राष्ट्रीय उद्यान. १९९१ साली ते जाहीर झालं. क्षेत्र जवळपास ३३,८०० हेक्टर. सूस आणि मासा या दोन नद्यांवरून त्याचं नाव पडलं. आपल्या 'मासा' या शब्दाशी त्या नावाचा काही संबंध नाही, पण तिथल्या जेवणात मासा आहेच.

सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत साधारण असं लिहिलेलं असतं: सकाळी पक्षी पाहणे, दुपारी पारंपरिक मोरोक्कन जेवण. जणू या दोन वेगळ्या गोष्टी, सोयीसाठी एका दिवसात बसवलेल्या. मला ही मांडणी पटत नाही. सकाळचा पक्षी आणि दुपारचं ताट एकाच वाऱ्यावर आणि एकाच थंड पाण्यावर चालतात. हे एकदा लक्षात आलं की तिथला सगळा दिवस वेगळा दिसायला लागतो. म्हणून आधी तो वारा समजून घेऊ.

अगादिर साधारण हरिद्वारच्या अक्षांशावर आहे. पण ऑगस्टमध्येसुद्धा तिथल्या समुद्रात पाय घातला तर पाणी गारच लागतं. कारण ते पाणी खोलातून वर आलेलं असतं. तापलेल्या दुधावर साय धरली की आपण फुंकर मारून ती बाजूला सरकवतो आणि खालचं दूध वर दिसतं. इथे फुंकर मारणारा वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे, किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो. मग पाणी किनाऱ्यापासून दूर कसं जातं? पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, उजवीकडे वळतो. किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. तुमचा उजवा हात पश्चिमेला, म्हणजे खुल्या समुद्राकडे येतो. वरचं कोमट पाणी तिकडे सरकतं आणि रिकामी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं.

हे वर येणारं पाणी नुसतं थंड नसतं. समुद्रात जे मरतं ते तळाकडे जातं आणि कुजतं. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट खोल पाण्यात साठून राहतात. तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे ते वापरायला कोणी नसतं. तेच पाणी वर उजेडात आलं की शेतात खत टाकल्यासारखं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती-प्लवकांचं पीक माजतं, त्यावर प्राणी-प्लवक वाढतात आणि सार्डिन हा लहान मासा हे दोन्ही गाळून खातो. साखळी इतकी आखूड असल्यामुळे मधे फारसं काही वाया जात नाही आणि माशांचे प्रचंड थवे पोसले जातात. जगात असे चार मोठे किनारे आहेत: कॅलिफोर्निया, पेरू-चिली, नैऋत्य आफ्रिका आणि हा वायव्य आफ्रिकेचा. समुद्राच्या एकूण पृष्ठभागाचा त्यांचा वाटा अगदी किरकोळ आहे, तरी जगातल्या सागरी मासेमारीचा जवळपास पाचवा हिस्सा तिथून येतो असं मानतात. डबाबंद सार्डिनच्या निर्यातीत मोरोक्को जगात पहिला आहे, त्याचं मूळ या पाण्यात आहे. अगादिरच्या उत्तरेला गीर नावाचं भूशीर आहे, तिथे हे पाणी विशेष जोरात वर येतं.

आपल्याकडेही हे घडतं. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर असंच थंड पाणी वर येतं आणि तिथली तारली त्यावर पोसली जाते. गोवा-सिंधुदुर्गात तिलाच पेडवे म्हणतात. उत्तरेकडे येताना हा परिणाम कमी होत जातो. आपली तारली आणि मोरोक्कोचा सार्डिन एकाच जातीचे नाहीत, पण दोघांचं कुळ आणि जगण्याची रीत जवळची आहे. फरक पावसाचा. आपल्याकडे हे सगळं धो धो मोसमी पावसात चालतं. सूस-मासाला वर्षाकाठी जेमतेम २००-२५० मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आणि त्या कोरडेपणालाही हेच थंड पाणी हातभार लावतं. थंड पाण्यावरची हवा गार आणि जड होते, वर चढत नाही. हवा वर चढली नाही तर पावसाचे ढग बांधले जात नाहीत. मात्र तिच्यातली वाफ खालीच थिजते आणि धुकं तयार होतं. उन्हाळ्यात कित्येकदा सकाळभर किनारा धुक्यात बुडालेला असतो. थोडं आत गेलं की कडक ऊन. म्हणजे समुद्र पाऊस अडवतो, पण थोडा ओलावा हातावर ठेवतो. एवढ्या ओलाव्यावर शेराच्या कुळातली मांसल, काटेरी झुडपं, वाळूवर पसरणाऱ्या वनस्पती आणि अर्गानची झाडं तग धरून आहेत. या झुडपांत सरडे असतात, किडे असतात, भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात. आणि त्यांच्या मागावर तो पक्षी असतो.

टकला शराटी. मराठीत त्याला रूढ नाव नाही, पण पक्षी पाहिला की हेच सुचतं. आपल्याकडे नांगरलेल्या रानात डोक्यावर लाल ठिपका असलेला काळा शराटी चरताना दिसतो, त्याचाच हा दूरचा नातेवाईक. काळं अंग, त्यावर उन्हात चमकणारी हिरवी-जांभळी झाक, मानेमागे विस्कटलेली लांब पिसं, लालसर उघडं डोकं आणि वाकडी लाल चोच. काही जणांना तो कुरूप वाटतो. मला नाही वाटत. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत 'अख', म्हणजे तेजस्वी आत्मा, हा शब्द याच पक्ष्याचं चित्र काढून लिहीत.

एके काळी तो आल्प्स पर्वतातही घरटी करायचा. कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाने १५५५ साली त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढच्या शतकात तो मध्य युरोपातून संपला. नंतर तुर्कस्तानातली रानटी वसाहत संपली आणि सीरियातले मोजके पक्षीही गेले. पिढ्यान्‌पिढ्या रानात टिकून राहिलेली मोठी वस्ती उरली ती फक्त या किनाऱ्यावर: सूस-मासाचे समुद्रकडे आणि अगादिरच्या उत्तरेचं तामरी. मे १९९६ मध्ये काही दिवसांच्या आत ४० पक्षी मरून पडले, कारण शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. त्यानंतर साठाच्या आत जोड्या राहिल्या होत्या. २०१८ पर्यंत पक्ष्यांचा आकडा ७०० च्या पुढे गेला आणि त्याच वर्षी टकल्या शराटीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आली.

हे कसं साधलं, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कुठलाही अवाढव्य प्रकल्प नव्हता. आसपासच्या गावांतल्याच माणसांना राखणदार म्हणून नेमलं. कड्यांवर घरटी असताना तिथे कोणी जाऊ नये, मासे गरवायला उतरणारे आणि हौशी फिरस्ते पक्ष्यांना उठवू नयेत, एवढं ते पाहतात आणि रोज नोंदी ठेवतात. दुसरं काम त्याहून साधं. घरट्यांच्या जवळपास पिण्याचं पाणी ठेवायला सुरुवात केली. कोरड्या वर्षी पाण्यासाठी लांब उडून जावं लागलं की आईबाप घरट्यापासून जास्त वेळ दूर राहतात आणि पिल्लं दगावतात. पाणी जवळ आलं तशी जगणाऱ्या पिल्लांची संख्या वाढली.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यांनी नकळत केली. इथली कोरडवाहू शेती जवाची, म्हणजे सातूची. एक-दोन वर्षं पीक घ्यायचं, मग रान पडीक टाकायचं. त्या पडीक रानात आणि किनाऱ्याच्या विरळ झुडपांत शराटीला सगळ्यात जास्त खाणं मिळतं. दाट उगवलेल्या पिकात त्याची चोच चालत नाही आणि पॉलीहाऊसमध्ये तर प्रश्नच नाही. म्हणजे जवाची भाकरी खाणारी माणसं होती म्हणून पडीक रान होतं, आणि पडीक रान होतं म्हणून शराटी होता.

पाहायला जायचं तर ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला, तेव्हा उत्तरेकडून आलेले स्थलांतरित पक्षीही असतात. टकला शराटी इथे वर्षभर राहतो. मासा गावाजवळून नदीच्या काठाने मुखाकडे पायवाट जाते. तिथे स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. त्याला कुठल्या रानात आज थवा उतरला आहे हे माहीत असतं आणि तुमचे पैसे त्याच गावात राहतात. थवा दिसला की लांबूनच, गाडीत बसून दुर्बिणीतून पाहा. घरट्यांच्या कड्याकडे नेतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. फेब्रुवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत त्यांचा विणीचा काळ असतो.

नदीचं मुख पाहण्यासारखं आहे. वर्षातला बहुतेक काळ समुद्र आणि नदी यांच्यामध्ये वाळूचा बांध असतो, त्यामुळे आत गोड्या-खाऱ्या पाण्याचं लांबट तळं साठतं. कडेने बोरू आणि रामबाण, पाण्यात रोहित, चमच्यासारख्या चोचीचे चमचा पक्षी, मोर शराटी. एवढ्या कोरड्या मुलखात एवढं पाणी पाहिलं की पक्षी इथे का थांबतात ते विचारावं लागत नाही. वाळूपलीकडे सिदी रबात हे छोटं गाव आहे. माशाने गिळलेले पैगंबर युनूस याच किनाऱ्यावर बाहेर टाकले गेले, अशी तिथली लोककथा आहे. उद्यानाच्या उत्तर भागात रोकेनला कुंपणाच्या आत ओरिक्स, अडॅक्स आणि चिंकाऱ्याच्या जातीची हरणं ठेवली आहेत. सहारातून संपलेले किंवा संपत आलेले हे प्राणी परत सोडण्यासाठी इथे वाढवले जातात. वेळ असेल तर तिथेही जा, पण माझं मन नदीच्या मुखाशीच रमतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मासा नदीवर वरच्या बाजूला यूसुफ बिन ताशफीन धरण झालं. तेव्हापासून खाली येणारं पाणी घटलं. पॉलीहाऊसची शेती भूजलावर वाढत गेली आणि विहिरी खोल खोल गेल्या. आता समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना या भागात उभा आहे. २०२२ पासून त्याचं पाणी शहरालाही मिळतं आणि शेतालाही. युरोपातल्या बाजारात हिवाळ्यात मिळणारे कितीतरी टोमॅटो या पट्ट्यातले असतात आणि तुमच्या जेवणातली कोशिंबीरही बहुधा इथलीच. त्यावर हजारो मजुरांची पोटं चालतात, त्यामुळे एका वाक्यात त्याला वाईट म्हणणं मला जमत नाही. पण शराटीचं रान आणि हे टोमॅटो एकाच जमिनीवर हक्क सांगतात, हे मात्र खरं.

आता जेवणाकडे. ताजीन हे पदार्थाचं नाव होण्याआधी भांड्याचं नाव आहे. खाली मातीचं पसरट, उथळ भांडं आणि वर उंच निमुळतं झाकण. आपल्याकडे भाजी करपू नये म्हणून झाकणाच्या ताटलीत पाणी ठेवतात. ताटली गार राहते, वाफेचं पाणी होऊन भाजीत परत पडतं. ताजीनचं उंच झाकण तेच काम करतं. त्याचा शेंडा निखाऱ्यापासून लांब, म्हणून कमी तापतो. वाफ तिथे थिजते आणि कडेने ओघळून खाली येते. त्यामुळे वरून पाणी फारसं घालावं लागत नाही. खाली कोळशाची छोटी मातीची शेगडी, मंद आच, भरपूर वेळ. पाणी आणि सरपण दोन्ही तुटपुंजं असलेल्या मुलखात अशी रीत रुळावी यात नवल नाही.

किनाऱ्यावर माशाचं ताजीन मागा. तळाला गाजराच्या फोडी किंवा बांबूच्या काड्या आडव्या-उभ्या रचतात, म्हणजे मासा तळाला लागत नाही. त्यावर बटाटे, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि सगळ्यात वर मासा. माशाला लावलेलं असतं शर्मूला: लसूण, मीठ, कोथिंबीर, पार्सली, जिरं, न जाळणारी लाल मिरचीपूड, लिंबाचा रस आणि तेल. आपल्या हिरव्या वाटणाची आठवण होईल, पण यात खोबरं नाही, तिखट नाही आणि जिरं बरंच पुढे येतं. जोडीला मिठात मुरवलेलं लिंबू. ते आपल्या लिंबाच्या लोणच्यासारखं दिसतं, पण त्यात मसाला नसतो आणि खायची असते ती मुख्यतः त्याची साल. कोर्बीन नावाचा मोठा मासा मिळाला तर सोडू नका. तो आपल्या घोळीच्या कुळातला.

तरीही या किनाऱ्याची खरी चव सार्डिनमध्ये आहे असं माझं मत. काटा काढून उघडलेले दोन सार्डिन समोरासमोर ठेवतात, मध्ये शर्मूला भरतात, पिठात घोळवून तळतात. कोळशावर नुसते मीठ लावून भाजलेलेही मिळतात. मासा तेलकट असल्यामुळे भाजताना तो स्वतःच्याच तेलात शिजतो. सकाळी समुद्राचं पाणी किती गार आहे हे हाताला कळलेलं असतं. दुपारी तोच गारवा ताटात या चवीने येतो. ओहोटीला खडकांवरचे कालवांसारखे काळे शिंपले गावातल्या बायका काढतात आणि उकडून वाळवून ठेवतात. सुकटीची सवय असलेल्या माणसाला त्यांचा वास परका वाटणार नाही.

चमचा मागायची गरज नाही. भाकरीचा तुकडा हाच चमचा. सगळे एकाच ताजीनमधून खातात, उजव्या हाताने, आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या बाजूचं खायचं. मधलं मांस किंवा मासा यजमान वाटून देतो. तापलेल्या खड्यांवर भाजलेली तफर्नूत ही इथल्या अमाझिग, म्हणजे मूळ बर्बर लोकांच्या घरांतली भाकरी. शुक्रवारी गेलात तर कुसकुस मिळेल. रव्याच्या बारीक गोळ्या हाताने वळून, वाफेवर दोन-तीनदा शिजवून, वर भाज्यांचा रस्सा. २०२० साली युनेस्कोने कुसकुसची नोंद मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चौघांच्या नावे केली. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, कारण 'सात भाज्यांचं कुसकुस' हे कित्येकदा मांसाच्या रश्श्यातच शिजवलेलं असतं. सुक्या बाकल्याची बिसारा मात्र बिनघोर खावी: घट्ट वरणासारखी, वर तेल आणि जिरेपूड. रमजानात जात असाल तर दिवसा जेवणाची सोय आधी पाहून ठेवा.

बिसारावरचं ते तेल इथे बऱ्याचदा अर्गानचं असतं. अर्गान हे झाड मोह, बकुळ आणि चिकूच्या कुळातलं, आणि नैऋत्य मोरोक्को हेच त्याचं घर. मोहाच्या टोळंबीतून तेल काढणाऱ्या आपल्या आदिवासी घरांना ही मेहनत लगेच कळेल. फळ वाळवायचं, साल काढायची, दगडावर दगडाने टणक कवची फोडायची, आतलं बी भाजायचं, जात्यावर दळायचं, लगदा थोडं पाणी घालून हाताने मळत राहायचं, तेव्हा कुठे तेल सुटतं. एका लिटरला तीसएक किलो फळं लागतात. हे काम बायकांचं. युनेस्कोने अर्गानच्या वनांना १९९८ साली जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०१४ साली बायकांच्या या ज्ञानाचीही नोंद घेतली. खायचं तेल भाजलेल्या बियांचं, म्हणून गडद आणि खमंग. केसांना लावायचं न भाजलेल्या बियांचं. विकत घेताना दोन्ही एक समजू नका.

जेवणानंतर अताय, म्हणजे पुदिन्याचा चहा. पानं चिनी हिरव्या चहाची. क्रिमियाचं युद्ध (१८५३-५६) चालू असताना ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपला माल मोरोक्कोच्या बंदरांकडे वळवला आणि तेव्हापासून हा चहा घरोघरी पसरला. साखर ढेपेतून फोडून घालतात, आणि भरपूर. पेला खाली आणि किटली वर धरून ओततात, त्याने चहावर फेस येतो. पहिला पेला नाकारू नये, दुसऱ्यालाही हो म्हणावं.

चहाबरोबर वाटीत अमलू येईल. भाजलेले बदाम, अर्गान तेल आणि मध एकत्र वाटलेलं. मध जर दग्मूसचा, म्हणजे त्याच शेराच्या कुळातल्या काटेरी झुडपांचा असेल तर घशात मिरीसारखा चटका लागतो. धुक्यावर जगलेलं झुडूप, धुक्यावर जगलेलं झाड, दोन्ही एका वाटीत. अमलूची एक बाटली घरी आणायला हरकत नाही. काही दिवसांनी तेल वर येऊन थांबेल, ते खराब झालेलं नसतं, चमच्याने तळापासून ढवळून घ्यायचं. तफर्नूत नसेल तर ज्वारीची गरम भाकरी चालते.